सायकल विकायच्या आधी

कोल्हापूर, नोव्हेंबर २०२४

प्रिय अनू,

तुझा मेसेज वाचला. ‘सायकल विकायची म्हणते, कुणी घेणारं असेल तर सांग.’ उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. फोन केला असता तर दोन मिनिटांत तू फराळाचा विषय काढला असतास, हे मला माहीत आहे. म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

गोव्यात ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीच्या दिवशी मी तुझ्यापासून दहा हातांवर होते. कट-ऑफची, म्हणजे टप्पा संपवायची शेवटची वेळ उलटून गेल्यावर तिथल्या एका मुलानं खाली वाकून तुझ्या घोट्यावरची वेळ मोजायची चिप सोडवली. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडली होती, कडेला वाळूचे कण चिकटले होते. तू तिथंच बोट ठेवून बसलीस. रडली नाहीस. रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. निकालात तुझ्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘शर्यत पुरी केली नाही’, असं लागलं, आणि दिवाळीभर तू त्या तीन अक्षरांनाच धरून बसली आहेस.

आता फ्रान्सच्या कासांद्र बोग्राँबद्दल सांगते. ३१ जुलैला सकाळी साडेअकराला मी तुला ‘आत्ताच्या आत्ता टीव्ही लाव’ म्हणून फोन केला होता आणि तू मीटिंगमध्ये होतीस. ती हीच. त्या दिवशी तिनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्ण जिंकलं, तेवढं तुला ठाऊक आहे. मला त्याच्या आधीचं सांगायचंय.

तिचा जन्म पॅरिसशेजारच्या लिव्री-गार्गाँमधला, १९९७ सालचा. एकोणीस वर्षांची असताना रिओ ऑलिंपिकला गेली आणि तिसावी आली. त्या वयात तिसावं येणं काही वाईट नाही. २०१८ मध्ये हॅम्बुर्गला जागतिक मालिकेतली शर्यत जिंकली. लगेच फ्रान्सच्या मिश्र रिले संघाबरोबर जगज्जेतेपदही मिळालं. पण हॅम्बुर्गची शर्यत छोटी असते. साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं. ऑलिंपिकला यातलं सगळं दुप्पट. त्यामुळे छोट्या अंतराला हिला तोड नाही, पण दहा किलोमीटर पळायची वेळ आली की हिचं काय होईल सांगता येत नाही, असा शिक्का बसला. शिक्का एकदा बसला की माणूस स्वतःच तो खरा करायला लागतो, हे तुला मी काय सांगायचं? ‘तुझं पोहणं चांगलं गं, सायकलवर कच्ची’ हे तू कितीदा ऐकलंस, आणि कितीदा स्वतःच म्हणालीस?

मग टोकियो. २७ जुलै २०२१. सकाळी पावसानं झोडपलं, शर्यत उशिरा सुटली. बोग्राँला ती पुरी करता आली नाही. डीएनएफ, अनू. तीच तीन अक्षरं, तीही ऑलिंपिकच्या निकालपत्रात, सगळ्या जगासमोर.

आणि चारच दिवसांनी, ३१ जुलैला, मिश्र रिले होती. दोन बायका, दोन पुरुष, प्रत्येकानं तीनशे मीटर पोहायचं, सात किलोमीटरच्या आसपास सायकल, दोन किलोमीटर धावायचं आणि पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची. फ्रान्सकडून आधी लेओनी पेरिओ, मग दोरियाँ कोनिंक्स, तिसरी ही, शेवटी व्हँसाँ लुई. मी त्या चार दिवसांचाच विचार करत राहते. खोलीतलं सामान तेच, खिडकीबाहेरचं गाव तेच, जेवायला बसायचं ते त्याच तिघांबरोबर, आणि त्या तिघांचं पदक आता तुझ्यावर अवलंबून. ती उतरली. ब्रिटन पहिलं, अमेरिका दुसरी, फ्रान्स तिसरं. ट्रायथलॉनमधलं फ्रान्सचं पहिलं ऑलिंपिक पदक ते हे.

त्यानंतर तिनं मुक्काम हलवला. इंग्लंडमधल्या लफबरोला जाऊन राहिली, तिथल्या गटात सराव करू लागली. मी असं समजते की ज्या जागी सगळ्यांना आपला शिक्का पाठ असतो, तिथून थोडं लांब जाणंच बरं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला ऑलिंपिकची रंगीत तालीम झाली, त्यात ब्रिटनची बेथ पॉटर पहिली आणि ही दुसरी. त्या वर्षीच्या जगज्जेतेपदातही हाच क्रम.

आता ३१ जुलै २०२४. तारीख बघितलीस? टोकियोच्या रिलेला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

सीन नदीचं तू पेपरात वाचलं असशील. १९२३ पासून त्या नदीत पोहायला बंदी होती, आणि ती साफ करायला एक अब्ज चाळीस कोटी युरो खर्च केले. तरी पाऊस पडला की पाणी बिघडायचंच. आदल्या दिवशीची पुरुषांची शर्यत पुढे ढकलली, सरावाचं पोहणं दोनदा रद्द झालं. बायकांना पाण्याचा अंदाज घ्यायलाच मिळाला नाही. पंचगंगेवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना पावसाळ्यातलं नदीचं पाणी काय असतं ते कळतं. ओढही होतीच. प्रवाहाबरोबर हाताला काही कळत नाही, आणि वळण घेऊन उलटं निघालं की जागचं हलता येत नाही.

बर्म्युडाची फ्लोरा डफी पाण्यातून सर्वांत आधी बाहेर आली. बोग्राँ फार मागे नव्हती, आणि तेच महत्त्वाचं. यांच्या शर्यतीत आपल्यासारखी एकेकट्यानं सायकल मारायची नसते. पुढचीच्या चाकामागे राहून वारा चुकवायला परवानगी असते. पाण्यात पुढचा घोळका हुकला की चाळीस किलोमीटर वारा एकटीच्या छातीवर. त्या सकाळी रस्ते निसरडे होते, त्यात शाँझेलिझे या रस्त्यावरची दगडी फरशी. एकीमागून एक बायका घसरत होत्या. मी हातातली गवारीची शेंग हातातच धरून बसले होते, दर वळणाला डोळे मिटायची. ती पडली नाही.

धावण्यात चौघी उरल्या. बोग्राँ, तिचीच देशबांधव एमा लोंबार्दी, स्वित्झर्लंडची ज्युली डेरॉन आणि बेथ पॉटर. दहा किलोमीटर, अनू. तेच अंतर, ज्यात हिचं काय होईल सांगता येत नाही असं म्हणायचे. मी तिचे खांदे बघत होते. आपले सर सांगतात ना, थकवा आधी खांद्यात चढतो, पाय नंतर बोलतात. तिचे खांदे खालीच होते. शेवटच्या फेरीत तिनं असा वेग वाढवला की आधी डोळ्यांना फरक दिसलाच नाही, मागच्या तिघींचे चेहरे बदलले तेव्हा कळलं. शर्यत जिथं संपते त्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या पुलावर आली तेव्हा पुढे कुणी नव्हतं. एक तास, चोपन्न मिनिटं, पंचावन्न सेकंद. डेरॉन सहा सेकंदांनी मागे, पॉटर पंधरा. लोंबार्दी चौथी. फ्रान्सला ट्रायथलॉनचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. तासाभरातच पुरुषांची शर्यत सुटली आणि लेओ बेर्जेरनं कांस्य आणलं.

पाच दिवसांनी पुन्हा रिले. पहिल्याच टप्प्यात पिएर ल कोर सायकलवरून पडला आणि फ्रान्स मागे गेला. शेवटचा टप्पा बोग्राँचा. गळ्यात सुवर्ण पडून पाच दिवस झालेले, पदकाची आशा जवळजवळ संपलेली, तरी ती शेवटपर्यंत पळाली आणि संघ चौथा आला. मला तिचं हे पळणं सुवर्णाइतकंच आवडतं. टोकियोत तिला बाकीच्या तिघांनी सांभाळलं होतं, इथं तिनं संघाला.

आणि मागच्याच महिन्यात, तू गोव्याची बॅग भरत होतीस त्या सुमारास, स्पेनमधल्या तोरेमोलिनोसला तिनं मोसमाची अंतिम शर्यत जिंकली आणि जगज्जेती झाली.

आता सायकलचं. तू गोव्याहून आल्यापासून ती गॅलरीत प्लास्टिकच्या कागदाखाली आहे, काकूंनी सांगितलं. मागच्या चाकातली हवा गेली असेल. ट्यूब तशीच बसून राहिली तर घडीवर चिरते. मी येत्या शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं पुण्याला येते. पंप आणि दोन ट्यूब बरोबर आणते, चेनला घालायचं तेलही. रविवारी सकाळी सहाला फक्त पाषाण तलावापर्यंत जाऊन येऊ, घड्याळ न लावता. मग पोहे. गिऱ्हाईक शोधायचंच असलं तर त्यानंतर शोधू, मी स्वतः फोन करीन.

काकूंना सांग, चकलीचा डबा परत आणतेय, रिकामा नाही.

तुझीच,
सुमी