सवलत चौरस फुटाला नको, पदाला द्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : सोलापुरातील प्रस्तावित आयटी पार्क आणि त्यासाठी द्यावयाच्या सवलतींबाबत

महोदय,

सोलापुरात आयटी पार्क उभारण्याची घोषणा झाल्यापासून शहरात त्याच्या जागेची चर्चा थांबलेली नाही. पार्क होटगी रस्त्याला होणार की चिंचोळीला, किती एकरांवर होणार, शेजारच्या प्लॉटचा भाव कुठवर जाणार, हेच प्रश्न सात रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. त्या इमारतीत जो माणूस बसेल त्याचे पद, त्याची बढती आणि त्याच्या कामाचा निर्णय कोणत्या शहराच्या नावावर असेल, हे मात्र अद्याप कोणी विचारलेले माझ्या ऐकिवात नाही. मी सॉफ्टवेअर प्रोग्रॅमर आहे आणि पुण्यातील एका कंपनीचे काम जुळे सोलापुरातील घरातून करतो. हा प्रश्न माझ्या घराशी रोज निगडित असल्यामुळे तो आपल्यासमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

आमचा संघ एका अमेरिकी विमा कंपनीच्या दाव्यांची छाननी करणारी प्रणाली सांभाळतो. कॅलिफोर्नियात रात्री उशिरा दाखल झालेला दावा न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुसऱ्या दिवसाचा ठरतो आणि पॉलिसीची मुदत नेमकी त्याच रात्री संपत असेल तर तो विनाकारण नाकारला जातो. अशी एक खोड मध्यंतरी प्रणालीत निघाली. ती सापडली सोलापुरात, दुरुस्तही इथेच झाली, तपासली गेली हैदराबादला राहणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी. कंपनीच्या दफ्तरी मात्र हे सगळे काम पुण्याचे. माणसाचे काम ज्या शहराच्या नावावर धरले जाते त्याला आमच्या व्यवसायात ‘बेस लोकेशन’ म्हणतात. नेमणूकपत्रात ते एका ओळीत लिहिलेले असते आणि माणसाच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा नकाशा त्या ओळीवर ठरतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्या-बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन परतलेले माझ्यासारखे अनेक जण या शहरात आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरचे जुने निर्बंध सैल केले आणि जे आधी अशक्य म्हणून सांगितले जात होते ते सुरळीत चालू शकते हे सिद्ध झाले. पुढे कंपन्यांनी माणसे परत बोलावायला सुरुवात केली. कोणाला आठवड्यातून तीन दिवस, कोणाला महिन्यातून एक आठवडा. रविवारी रात्री पुण्याला सुटणाऱ्या खासगी बसगाड्यांत डोकावलात तर मांडीवर लॅपटॉपची बॅग घेऊन झोपलेली निम्मी मुले याच व्यवसायातील दिसतील. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत धावते, हुतात्मा एक्स्प्रेस तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पण पुणे स्थानकावर उतरल्यानंतर आयटी कंपन्यांची हिंजवडी गाठण्यात जो वेळ आणि जीव जातो, त्यावर कोणत्याही रेल्वेपाशी उत्तर नाही.

माझी पत्नी दक्षिण सोलापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आंतरजिल्हा बदली म्हणजे काय, हे शासनात असणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. वडील थकलेले आहेत, आई अजूनही घरकाम कोणाला करू देत नाही आणि मुलगी तिसरीत आहे. माझे बेस लोकेशन पुणे आहे म्हणून या चौघांपैकी कोणी आपले आयुष्य उचलून हिंजवडीला न्यावे, असे मला वाटत नाही. त्याची किंमत मी मोजतो. संघप्रमुखाचे पद रिकामे झाले की ते कार्यालयात रोज दिसणाऱ्याला मिळते आणि कपातीची यादी निघते तेव्हा दूर बसलेल्यांची नावे वर असतात. यात कोणा एका कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण जिथे निर्णय होतात तिथे हजर असणाऱ्याला झुकते माप मिळणे हा माणसांचा स्वभाव आहे. म्हणूनच निर्णय जिथे होतात ती जागा सोलापुरात आणता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. माझे वडील पूर्व भागातील एका कारखान्यात जॅकार्डच्या मागावर चादरी विणत असत आणि लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाताना मला मागापेक्षा शेजारची पंचिंगची खोली जास्त आवडे. तिथे नक्षी आधी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढली जाई. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडली जात आणि पत्ते दोऱ्याने ओवून त्यांची लांबलचक माळ मागाच्या माथ्यावर चढवली जाई. भोक असेल तिथे सुई आरपार जाई आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जाई. भोक नसेल तिथे धागा खालीच राही आणि आडवा धागा नेणारा धोटा त्याच्यावरून निघून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी सिद्ध केलेल्या याच पत्त्यांवरून चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला सूचना देण्याची रीत सुचली, हे मी पुढे अभियांत्रिकीला शिकलो. वर्गात ते इतिहास म्हणून शिकवले गेले. आमच्या घरी तो रोजगार होता.

मला इथे महत्त्वाचा वाटतो तो त्या खोलीतला माणूस. मोर कसा दिसेल, किनार किती रुंद, कोणता रंग कुठे उठेल, हे ठरवणारा कारागीर सोलापुरात राहत होता. म्हणून त्याला मान होता, त्याच्या हाताखाली मुले तयार होत होती आणि त्यांतली काही पुढे स्वतःचे कारखाने काढत होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे विणणाऱ्या हातांइतकीच ही नक्षी ठरवणारी डोकी आहेत. आज आयटीच्या नावाखाली आमच्याकडे येते ते बहुतेक विणायचे काम असते. नक्षी दुसरीकडे ठरलेली असते.

नुसती इमारत उभी राहिल्याने काम शहरात टिकून राहत नाही, याचा पुरावा या शहरात शोधावा लागत नाही. १८७७ मध्ये उभी राहिलेली जुनी गिरणी, नंतरच्या नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांची बांधकामे आमच्या आजोबांच्या पिढीने अभिमानाने पाहिली. भिंती पक्क्या होत्या, चिमण्या उंच होत्या, पण धंद्याचे गणित फिरले तेव्हा काम गेले आणि जमिनीचा व्यवहार तेवढा शिल्लक राहिला. आयटी पार्कचे तसे होऊ नये असे आपल्यालाही वाटत असेल.

राज्याच्या आयटी धोरणांनी आजवर जादा चटईक्षेत्र (म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी), मुद्रांक शुल्कातील सूट, विजेच्या दरातील सवलत अशा गोष्टी देऊ केल्या. यांपैकी जादा चटईक्षेत्र आणि मुद्रांक शुल्कातील सूट या प्रामुख्याने बांधणाऱ्याच्या आणि खरेदी करणाऱ्याच्या पदरात पडतात. मुंबई-पुण्यात जागा हीच अडचण असल्याने तिथे त्याला काही अर्थ असेल. सोलापुरात जागेची टंचाई कधी नव्हती. इथे टंचाई आहे ती पदांची. म्हणून माझी विनंती एवढीच की सोलापूरच्या पार्कसाठी सवलतीचे मोजमाप बदलावे आणि चौरस फुटांऐवजी भरलेल्या पदांवर सवलत द्यावी. पद भरले याचा अर्थ असा की नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण सोलापूर असेल, त्या व्यक्तीची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी सलग वर्षभर जमा झालेली असेल आणि दर ठरावीक पदांमागे एक पद संघप्रमुखाचे किंवा त्याहून वरचे असेल. वर्गणीचे विवरण कंपन्या दरमहा ऑनलाइन भरतातच, त्यामुळे पडताळणीसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. दहा माणसांची छोटी कंपनी आणि हजार माणसांची मोठी कंपनी यांना हा नियम सारख्याच दराने लागू व्हावा.

अशी अट घातली तर मोठ्या कंपन्या येणार नाहीत, असे आपले अधिकारी आपल्याला सांगतील. त्यांची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही कंपन्या खरोखरच येणार नाहीत. पण ज्या कंपनीला सोलापुरात एकही निर्णय घेणारे पद ठेवायचे नाही, तिने काचेचे तीन मजले भाड्याने घेऊन उद्घाटनाचा फोटो काढला काय आणि न काढला काय, इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना काही फरक पडत नाही. आडगावात मुळापासून उत्पादन घडवता येते याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. तेनकाशीजवळच्या मथळंपराई या खेड्यात झोहो कंपनीने २०११ पासून कार्यालय चालवले आणि ग्राहकसेवेचे तिचे एक प्रमुख सॉफ्टवेअर तिथेच आकाराला आले. विद्यापीठ, १९८३ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आता विमानतळ, एवढे सगळे असलेल्या सोलापूरला तेनकाशीपेक्षा कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही. विमानसेवेच्या वाटेतली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली, त्यावर गावात कडाक्याचे मतभेद झाले आणि अजून आहेत. पण मनावर घेतले तर प्रशासन किती पुढे जाऊ शकते ते तेव्हा सर्वांनी पाहिले. २०२५ मध्ये गोव्याची आणि मुंबईची विमाने सुरू झाली. इतका निर्धार नेमणूकपत्रातल्या एका ओळीसाठी दाखवणे तुलनेने सोपे असावे.

शासन स्वतःही पदे निर्माण करू शकते. माझ्या काही मित्रांनी यंत्रमागधारकांसाठी हिशेबाचे एक सॉफ्टवेअर लिहिले आहे. त्यात सूत किती आले, ताण्याच्या सुताचे बीम (रूळ) कोणत्या मागावर चढले, नगावर कामगाराची मजुरी किती झाली, याची नोंद मराठीत आणि तेलुगूतही करता येते, कारण पूर्व भागातील अनेक मुनीम आणि कामगार घरात तेलुगू बोलतात. पुण्यातल्या कोणाला हे सुचले नसते. याच मुलांनी एका सरकारी कार्यालयाच्या छोट्या कामासाठी निविदा भरायचे ठरवले, तेव्हा मागील तीन वर्षांची उलाढाल काही कोटींची असावी, ही अट वाचूनच त्यांना फाइल मिटावी लागली. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्टार्टअपना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटींतून सवलत देण्याची तरतूद आहे, आणि सरकारी सॉफ्टवेअरचा स्रोत खुला करून ते इतरांना सुधारता यावे असे धोरण केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. जिल्हा पातळीवरची कामे लहान तुकड्यांत, उलाढालीच्या अटीविना आणि खुल्या स्रोताने दिली, तर एकाने सोडलेले काम दुसऱ्याला उचलता येईल आणि शासनही कोणा एका ठेकेदाराच्या मर्जीवर राहणार नाही.

वीज आणि पाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण पार्कला स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त त्याच्यासाठीची वीजवाहिनी, मिळेल, पाण्याची जोडणीही मिळेल. पण प्रोग्रॅमर पार्कमध्ये राहत नाही, तो वस्तीत राहतो. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असताना आमच्या भागात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि येते ते नेमके संध्याकाळच्या कॉलच्या वेळी. पाणी आल्याची हाळी उठली की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, विजेचा दाब उतरतो, इन्व्हर्टर कोकलू लागतो आणि मी माइक बंद करून वडिलांना हौदाचे झाकण उचलून देतो. पलीकडच्या व्यवस्थापकाला वाटते की मी विचार करतो आहे. बाहेरून कोणी अनुभवी माणूस कुटुंब घेऊन सोलापुरात यायचे म्हणतो, तेव्हा त्याच्या पत्नीचा पहिला प्रश्न ऑफिस कसे आहे हा नसतो, पाणी कधी येते हा असतो. पार्कच्या अहवालात याला एक पान द्यावे, एवढेच.

जागा निश्चित होऊन निविदा निघण्यापूर्वी सवलतींचा मसुदा जाहीर करावा आणि त्यावर सोलापुरात एक खुली बैठक घ्यावी, अशी आपणांस विनंती आहे. उद्योजकांची, बांधकाम व्यावसायिकांची आणि लोकप्रतिनिधींची मते आपल्यापर्यंत पोहोचतीलच. या बैठकीला मात्र प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्या मुलामुलींना बोलवावे. बैठक शनिवारी ठेवल्यास पुण्यात काम करणारे सोलापूरकरही त्या दिवशी गावात असतात. रविवारी दुपारनंतर ठेवू नये, त्यांना बस गाठायची असते.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर प्रोग्रॅमर
जुळे सोलापूर