बिब्ब्याचा डाग

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय सुहास,

कातडीवरच्या डागाचा फोटो बघून कॅन्सर ओळखणारं माझं ते ॲप. परवा फोनवर तू विचारलंस, "ॲप कुठवर आलं?" आणि मी नुसतं "चाललंय" म्हणून विषय बदलला. गेल्या आठवड्यात शिरोळकडच्या एका गावात जे झालं ते फोनवर सांगवेना, म्हणून लिहायला बसलोय. शिवाय तुझ्याकडं एक मागणंही आहे.

सुरुवात मामापासून झाली, ते तुला माहीतच आहे. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस घोट्यावर सांडला तेव्हा तो पंचविशीत होता. तो चकाकणारा, ओढलेल्या कातडीचा व्रण बघतच आम्ही मोठे झालो. साठीला त्याच व्रणावर जखम झाली आणि भरेचना. आठ महिने मलमपट्टी चालली. कुणी साखर तपासली, कुणी मलम बदललं, पण तुकडा काढून तपासायला कुणी पाठवलं नाही. शेवटी तो तुकडा तुझ्या मायक्रोस्कोपखाली आला. 'मार्जोलिन अल्सर' हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भाजल्यावर तीस-तीस वर्षांनी त्या व्रणात कॅन्सर उगवतो, हे तू समजावून सांगितलंस. मामा वाचला, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या आठ महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

ॲप मी शिकवलं ते 'हॅम १००००' या संग्रहावर. व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली १०,०१५ छायाचित्रं, २०१८ साली सगळ्यांसाठी खुली झालेली. सात प्रकारचे डाग आहेत, आणि त्यातले ६,७०५ साधे तीळ. म्हणजे यंत्रानं डोळे मिटून प्रत्येकाला "तीळ" म्हटलं तरी शंभरातले सदुसष्ट बरोबर येतात! म्हणून मी एकूण टक्केवारी बघणं सोडलं आणि १,११३ मेलानोमांपैकी (तिळासारखा दिसणारा कातडीचा घातक कॅन्सर) किती निसटतात तेवढंच मोजत बसलो. मॉडेल मोबाईलनेटचं, म्हणजे फोनसाठीच बनवलेलं हलकं, त्यामुळं रेंज नसली तरी फोनवर चालतं. आकडे चांगले आले आणि मी गावात गेलो.

पहिलेच एक आबा. ओसरीवर बसून त्यांनी पाय पुढं केला. टाचेच्या भेगांत शेतातली माती, आणि बोटांच्या खाली कडा फाटलेला काळाकुट्ट डाग. फोटो काढला. मेलानोमा, ९१ टक्के. माझा चेहरा बघून आजींनी पदर तोंडाला लावला. आबा मात्र शांत. म्हणाले, "काटा मोडलाता, म्हनून बिब्बा घातलाय." दोन-तीन आठवड्यांत डाग आपोआप जाईल हेही त्यांनीच सांगितलं. मी ओशाळलो. पण आजी संध्याकाळपर्यंत तीनदा विचारून गेल्या, "नक्की काय न्हाई न्हवं?" ती भीती मी त्यांच्या घरात नेऊन ठेवली होती.

त्या रात्री घरी आल्यावर मामाच्या जखमेचा ऑपरेशनच्या आधीचा फोटो ॲपला दिला. उत्तर आलं, रक्तवाहिन्यांची साधी गाठ. सुहास, मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्यालाच ते "काही नाही" म्हणालं.

कारण कळायला वेळ लागला नाही. मामाचा रोग त्या सात खान्यांत नाहीच. बिब्बाही नाही. आणि खात्रीचे शंभर टक्के या सातांतच वाटून टाकायचे, हा यंत्राचा नियम. फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, तेही डर्माटोस्कोप, म्हणजे कातडी बघायचं दिव्याचं भिंग, टेकवून काढलेले. आपल्याकडं मेलानोमा कमी, पण जो होतो तो बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली, जिथं कुणी बघत नाही. हॉस्टेलवर तू ज्याची गाणी लावायचास तो बॉब मार्ले १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी गेला, त्याचं दुखणं पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालं होतं.

आता मी दोन गोष्टी बदलल्यात. ॲप "काळजी नको" असं कधीच म्हणणार नाही. "मला ओळखता येत नाही, डॉक्टरांना दाखवा" हे उत्तर त्याला देता आलंच पाहिजे. आणि फोटोच्या आधी ते विचारेल: जखम किती दिवस भरत नाही? इथं पूर्वी कधी भाजलं होतं का? बिब्बा, हळद, चुना काही लावलंय का? या तीन प्रश्नांनी मामाचे कमीत कमी सहा महिने तरी वाचले असते, असं मला ठाम वाटतं.

पण प्रश्नांनी यंत्र शिकत नाही. त्याला आपल्या माणसांच्या कातडीचे फोटो हवेत, आणि प्रत्येक फोटोमागं बायोप्सीचं पक्कं उत्तर. तिथं मला तूच लागतोस. तुझ्याकडं तपासणीला येणाऱ्यांपैकी जे राजी असतील त्यांचेच फोटो, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन. चेहरा नको, फोटोत आपोआप नोंदलेलं गावाचं ठिकाण पुसायचं, आणि गोंदणाकडं खास लक्ष ठेवायचं. आपल्या बायकांच्या हातावर नावंच गोंदलेली असतात रे.

शनिवारी मिरजेला येतो. संमतीपत्राचा मसुदा घेऊन येईन. तो मामाला वाचून दाखवला होता. "छायाचित्राचा वापर संशोधनार्थ करण्यात येईल" हे त्यानं खोडायला लावलं आणि सांगितलं, "असं लिही, तुमची जखम बघून दुसऱ्याची जखम ओळखायला शिकतील." तसंच लिहिलंय.

वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश