सेन्सर बदलण्याआधी मॅनिफोल्डचे पॅकिंग तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. त्याआधीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून मुलांची ने-आण करणाऱ्या ओम्नी, ईको आणि जुन्या अल्टो गॅरेजला लागतात. बहुतेकांची तक्रार ठरलेली असते. गाडी स्लोवर (रेस न देता) चालू टिकत नाही, नाहीतर आपोआप रेस राहते, सकाळी इंजिन गार असताना झटके खाते. त्यावर कार्बोरेटर किट, प्लग, कॉइल, आयडल मोटर, मॅप सेन्सर असे एकामागून एक बदलले जातात. हजारो रुपये जातात आणि दोष जागच्या जागी राहतो, कारण इंजिन इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या फाटेदार पाइपाच्या) जोडातून किंवा एखाद्या चिरलेल्या नळीतून हवा घेत असते. या कामाची नीट माहिती मालकांना आणि नव्या कारागिरांना व्हावी, म्हणून हे पत्र.

पेट्रोल इंजिन स्लोवर असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम असतो. जोडाला केसाएवढी फट पडली तरी तिथून मोजमापात न आलेली हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होते. पूर्ण रेस दिल्यावर इंजिन इतकी हवा ओढते की ही गळती नगण्य ठरते. म्हणूनच अशी गाडी रस्त्यावर बरी पळते आणि थांब्यावर आली की थरथरते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. बॉनेटखालचे रबर त्या उष्णतेत कडक होऊन तडकते. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या खाचेतले रबरी पॅकिंग दबून कायमचे चपटे होते. ते गार असताना हवा घेते आणि इंजिन तापले की फुगून बसते. त्यामुळे तपासणी सकाळी, इंजिन गार असतानाच करावी. दुपारी दोष सापडत नाही.

आधी नळ्या पाहाव्यात, कारण गळती बहुतेक वेळा तिथेच निघते. ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा), पीसीव्ही वाल्व (इंजिनातली वाफ परत ओढणारा), कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा) आणि जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स अशा प्रत्येकाची नळी पक्कडीला कापड गुंडाळून क्षणभर दाबावी. जी दाबल्यावर इंजिनाची चाल एकदम बदलते, त्या बाजूला शोधायचे. व्हॅक्यूम गेज काही शे रुपयांत मिळतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते. आपल्या तीनशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर एक इंच कमी धरावा, चिखलदऱ्यावर साडेतीन. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग (ठिणगी उशिरा पडणे). काटा ठरावीक लयीत झटके देत असेल तर वाल्वकडे बघा, पॅकिंगला हात लावू नका.

मग जोड तपासायचा. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक पोर्टच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेच्या) जोडावर थोडाथोडा मारावा. चाल बदलली की जागा सापडली. पण हा फवारा तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डवर किंवा प्लगच्या वायरवर पडला तर आग लागते. साबणाचे पाणी बाटलीतून फवारणे हा सुरक्षित मार्ग आहे. पाणी फट क्षणभर बुजवते आणि इंजिन तेवढ्यापुरते सुधारते. अगरबत्तीचा धूर जोडाकडे ओढला जातो का, हे पाहण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पेट्रोलच्या वाफेजवळ पेटती अगरबत्ती नेणे धोक्याचे आहे आणि ती पद्धत बंद व्हायला हवी. स्कॅनर (दोषाचे कोड वाचणारे यंत्र) असेल तर आणखी सोपे. एअर-फ्लो मीटरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत स्लोवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने, म्हणजे गाडीच्या संगणकाने, पेट्रोलात केलेली वाढ-घट) अधिक १५-२० टक्के, २५०० आरपीएमला तो शून्याकडे येतो आणि कोड पी०१७१ (मिश्रण पातळ) मिळतो. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत मात्र ईसीयू वाढलेल्या हवेला तेवढेच पेट्रोल देतो, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही. तिथे स्लोच चढतो आणि पी०५०७ (स्लो जास्त) हा कोड येतो. हा फरक ठाऊक नसल्याने चांगल्या आयडल मोटर फेकल्या जातात.

पॅकिंग बदलायचेच असेल तर घाई नको. तापलेले अॅल्युमिनियम खोलले की वाकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढण्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब उतरतो. मॅनिफोल्डमधून कूलंट जात असेल तर ते आधी काढावे, नाहीतर खोलताच पोर्टमध्ये उतरते. नळ्यांना खुणा करून मोबाइलवर फोटो घ्यावा. बोल्ट कडेपासून मध्याकडे, अर्धा-अर्धा फेरा ढिले करावेत. मॅनिफोल्ड निघताच पोर्टमध्ये स्वच्छ कापडाचे बोळे घालावेत आणि किती घातले ते मोजावे.

जुने पॅकिंग छिन्नीने किंवा हॅक्सॉ ब्लेडने खरवडणे हे सर्वात मोठे नुकसान. मऊ अॅल्युमिनियमवर पडलेली एक चर नवे पॅकिंगही बुजवू शकत नाही. बांबूची चपटी पट्टी किंवा प्लास्टिक स्क्रॅपर आणि थोडा थिनर पुरतो. ग्राइंडरला घासणी लावू नये. तिची बारीक भुकटी ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. मग सरळ पट्टी लांबीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज घालावा. ०.१० मिमीची पाती सहज शिरत असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्यावे. वाकलेल्या मॅनिफोल्डवर दोन पॅकिंग एकावर एक लावणे हा उपाय नव्हे.

नवे पॅकिंग जुन्यावर ठेवून प्रत्येक भोक जुळवावे. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांत कूलंटचे भोक वेगळे असू शकते. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकून बनवलेले पॅकिंग पेट्रोल आणि कूलंट पिऊन महिन्याभरात फुटते. सिलिकॉन किंवा शेलॅक कागदी, धातूच्या वा रबरी पॅकिंगवर लावू नये. दाबल्यावर ते आतल्या बाजूला लोंबते, पेट्रोलने सुटते आणि तुकडा वाल्वपर्यंत जातो. शिवाय सिलिकॉनचा जो थर वंगणासारखा राहतो, त्याने पॅकिंग घट्ट करताना सरकते. इंजेक्टर काढले असतील तर त्यांच्या ओ-रिंग नव्याच घालाव्यात, इंजिन ऑइलचा एक थेंब लावून.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने टेकवावेत. मग मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने घट्ट करावे. आठ मिमीच्या बोल्टला (ज्याला बारा नंबरचा पाना लागतो) अॅल्युमिनियममध्ये साधारण १८ ते २३ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. प्लास्टिक मॅनिफोल्डला बरेच कमी. पक्का आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलचा. आटे गेले असतील तर एम-सील भरू नका, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाका. खालचा आधाराचा ब्रॅकेट सर्वात शेवटी घट्ट करावा, आधी केला तर तो मॅनिफोल्ड ओढून धरतो. आणि “उरला” म्हणून तो काढून ठेवू नये. आपल्या पांदण आणि गिट्टीच्या रस्त्यांवर ब्रॅकेट नसलेला मॅनिफोल्ड हादरून पॅकिंग खातो. कागदी पॅकिंगचे बोल्ट दोन-तीनदा इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा तपासावेत.

कार्बोरेटरच्या गाडीत थ्रॉटलच्या दांडीची बुश झिजली असेल तर हवा तिथूनच जाते, आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग कितीही बदलले तरी फरक पडत नाही. मोटरसायकलीत कार्बोरेटर आणि हेडमधले रबर किंवा ओ-रिंग पाहावी. तिथून हवा घेणारी गाडी पातळ मिश्रणावर तापते आणि शेवटी पिस्टन धरते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसल्याने असा व्हॅक्यूम नसतो, पण एअर क्लीनरनंतरचा जोड सैल असेल तर सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ थेट बोअरमध्ये जाते आणि रिंगा अकाली संपतात. क्लीनरनंतरच्या पाइपात आतून बोट फिरवा. धूळ लागली तर क्लिप आणि पॅकिंग आजच बदला.

शेवटी शाळांच्या परिवहन समित्यांना एक विनंती. बूस्टरची नळी फाटली की ब्रेक दगडासारखा कडक होतो, म्हणून शाळा उघडण्याआधी प्रत्येक व्हॅनची ही तपासणी समितीने समोर उभे राहून करून घ्यावी. हत्यार काहीच लागत नाही. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जायला हवे. नाही गेले तर नळी, तिचा वन-वे वाल्व आणि बूस्टर तपासून होईपर्यंत त्या गाडीत मुले बसवू नयेत.

आपला,
एक मोटार मेकॅनिक
दारव्हा, जि. यवतमाळ