पैसे द्या, पण चावी हातात आल्यावर

महोदय,

आपल्या छोट्या जाहिरातींत ‘भाडेकरूसह घर विकणे आहे’ असं वाचलं की मला आमची खरेदी आठवते. किंमत कमी होती, आम्ही भुललो.

मालक म्हणाले, “भाडेकरूला थोडे पैसे दिलेत की निघेल तो. तेवढं तुमचं तुम्ही बघा.” भाडेकरू भला माणूस. नव्या जागेची अनामत, सामान हलवण्याचा खर्च असं सगळं एकदम उभं करायचं म्हणून त्याने निम्मी रक्कम आधी मागितली. मागणी रास्त होती, मी दिली. (पावती घ्या, असं बायको म्हणाली होती. मला संकोच वाटला.) ठरल्या दिवशी तो बायकामुलांसह गेलाही. मागच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ मात्र राहिला. “दादाने त्याचं ठरवलं. माझ्याशी कोण बोललं?” खरंच कोणी बोललं नव्हतं. त्याला वेगळे पैसे मोजले, तेव्हा घर रिकामं झालं.

आणि मग मालकांनी भाव वाढवला! रिकाम्या घराला जास्त किंमत येते, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त ते रिकामं माझ्या पैशाने झालं होतं. खरेदीखत व्हायचं होतं, म्हणजे त्या घराशी कागदोपत्री माझा काहीही संबंध नव्हता.

भाडेकरूने पैसे घेतले याबद्दल माझी तक्रार नाही. करार चालू असताना घर विकलं, तर तो करार साधारणपणे नव्या मालकाच्या गळ्यात येतो. मुदतीआधी उठायचं तर त्याने मोबदला का मागू नये? पण तो द्यायचा मालकाने, किंवा किमतीतून वळता करून. रिकामा ताबा देण्याची जबाबदारी साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारातच, मालकावर घालावी. रक्कम वकिलाकडे ठेवावी. घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची ताबा सोडल्याची सही, सगळ्या खोल्या उघडून पाहणं, वीजबिलाची थकबाकी, हे उरकल्यावर एका हाताने चावी आणि दुसऱ्या हाताने पैसे. हे मला आमच्या वकिलांनी सांगितलं, पण नंतर. आधी मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

अशा जाहिराती घेताना घरात नेमकी किती माणसं राहतात, एवढं विचारून छापता आलं तर पाहावं, ही विनंती.

– एक जुना वाचक