मावशी, तुम्ही आईंना विचारलंत

मावशी,

आज सकाळी आईंच्या खिडकीतली जास्वंद उमलली. एक नाही, तीन फुलं. तेव्हापासून मला गप्प बसवेना, म्हणून हे लिहिते आहे. तुमचं नाव आणि तुम्ही कुठल्या नर्सरीत पिशव्या भरता ते इथं लिहीत नाही, तिथल्या मालकांचा तुम्हाला त्रास नको. पण हे चारचौघांनी वाचावं असं फार वाटतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलतात, पण एकेक शब्द हुडकून आणावा लागतो. त्याआधी दर मंगळवारी घरच्या झाडाचं लाल फूल घेऊन त्या मंगळवार पेठेतनं बिनखांबी गणपतीला चालत जायच्या. आता फूल मी नेते, पण झाड त्यांचंच आहे. राधानगरीकडच्या माहेराहून त्यांनी काडी आणून लावलेली. कुंडी पलंगाला लागून खिडकीत आहे. डोळा उघडला की पहिली नजर तिकडं.

मार्च संपता संपता शेंड्यांवर पांढरं, कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं. पंधरा दिवसांत पानं आक्रसून मुठी वळल्यासारखी झाली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. खालची पानं चिकट झाली आणि त्यावर काजळी धरली. मुंग्यांची रांग खिडकीच्या चौकटीवरून थेट शेंड्यापर्यंत. आई दिवसभर ते बघत पडून असायच्या. बोलायच्या नाहीत.

मग मी फिरले. एका दुकानदारानं बाटली दिली आणि म्हणाला, "डबल डोस मारा." कुंडी कुठं ठेवलीय, त्या खोलीत कोण झोपतं, एक शब्द विचारला नाही. त्या वासानं आई रात्रभर खोकत होत्या, मी खिडकी सताड उघडून उशाशी बसून होते. कापसासारख्या त्या पांढऱ्या किड्याला काही झालं नाही. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, फवारा त्यावरून ओघळून जातो, आणि आक्रसलेल्या पानाच्या आत तर तो पोचतच नाही, हे मला नंतर कळलं. झाडांची कामं घेणारे एक गृहस्थ फोटो बघूनच "गेलं हे" म्हणाले. आणि तुमच्या मालकांनी मी पिशवीतून नेलेली फांदी हातातसुद्धा घेतली नाही. "टाकून द्या, दीडशेला नवीन देतो, फुलं याच्या दुप्पट येतील." ज्या बाईला अंथरुणातून उठता येत नाही, तिच्या माहेरचं झाड दीडशेला बदलून मिळतं होय?

मी फाटकाबाहेर पडले तेव्हा तुम्ही मागनं आलात, पदराला हाताची माती पुसत. "ताई, टाकू नगा. पिठ्या ढेकूण हाय त्यो. द्राक्षाच्या बागंत लई बगितलाय. सांजच्याला घरला जाताना येतो मी."

आणि आलात. सहा वाजून गेल्यावर, दिवसभर उन्हात बसून, जिना चढून.

मावशी, त्यानंतर तुम्ही जे केलंत ते कितीजणांना सांगितलं याला गणती नाही. चप्पल काढून, हात धुऊन तुम्ही खोलीत आलात, झाडाकडं गेला नाहीत. आईंच्या उशाशी उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "आज्जी, तुमच्या झाडाला हात लावू का?"

मी सवयीनं म्हणाले, "लावा की." दोन वर्षं आईंच्या वतीनं मीच उत्तर देते. डॉक्टरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना. तुम्ही माझ्याकडं वळूनही बघितलं नाहीत. थांबलात. आईंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, खाली गाडीचा हॉर्न वाजत होता, आणि तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून, काही घाई नसल्यासारख्या, त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलात. बराच वेळ गेला.

"लाव," आई म्हणाल्या. "पर... हळू."

"हळूच लावतो," म्हणालात आणि मग उठलात.

पुढचं सगळं मी अजून तसंच करते आहे. सगळ्यात खराब शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले, उरलेल्या फांद्या जुन्या ब्रशनं घासून धुतल्या, पान उलटून. मुंग्या ढेकणाचा गोड चिकटा खातात म्हणून त्याला राखतात, तेव्हा आधी त्यांची वाट बंद करायची. कुंडी विटेवर आणि वीट पाण्याच्या परातीत. ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्याला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, दर आठवड्याला. त्या एका कापसाच्या पुंजक्यात काही शे अंडी असतात, एका धुण्यानं भागत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. नव्या बाटलीपेक्षा जुना ब्रश जास्त कामाला आला.

मे महिन्यात दुसऱ्यांदा आलात तेव्हाचं तर विसरणंच शक्य नाही. पानामागं मला एक मोठा, लोकरीचे धागे अंगभर लोंबणारा पांढरा किडा दिसला. ढेकणापेक्षा कितीतरी मोठा आणि चपळ. मी चिरडायला बोट नेलं आणि तुम्ही मनगट धरलंत. "ह्यो ढेकूण न्हवं. ढेकणं खाणारा हाय. आज्जी, बगा, ह्यो आपल्यातला." पान वाकवून तुम्ही आधी त्यांना दाखवलंत, मला नंतर. मी मग शोधून वाचलं. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला, द्राक्षबागायतदार मुद्दाम विकत आणून सोडतात तो. मोठा झाला की काळा होतो, डोकं आणि पंखांची टोकं तांबूस. त्या दुकानदाराचं ऐकून मी डबल डोस मारत राहिले असते, तर हाच आधी मेला असता.

माणूस शिकलेला असणं वेगळं आणि जाणता असणं वेगळं, असं माझे वडील म्हणायचे. मोठ्या पाट्या लावून बसलेल्यांना जे जमलं नाही, ते दिवसभर रोजंदारी करून थकलेल्या बाईनं केलं, आणि रिक्षाभाड्यापलीकडं एक रुपया घेतला नाही. अशी माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली असतील. पण माझ्या दारात तुम्ही आलात.

घरात आता एक बदल झालाय. आईंना काही विचारलं की मी थांबते. परवा फ्लॅटच्या सफाईला आलेला मुलगा खिडकी पुसता पुसता पानावरचा पांढरा किडा झटकायला गेला, तर आईंनी डाव्या हातानं त्याची बाही ओढली. "आपला... हाय." पूर्ण ऐकेपर्यंत तोही थांबला.

आज मंगळवार. तीन फुलांतलं एक बिनखांबीला देऊन आले. एक आईंच्या उशाशी वाटीत आहे. तिसरं कुणाचं, म्हणून विचारलं आणि थांबले.

"तिला," आई म्हणाल्या.

जास्वंद संध्याकाळी मिटते, मावशी. तुमची सुट्टी सहाला होते. मी पाचलाच फाटकावर येते.