साल काढले, तक्ताही काढला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मराठी चित्रपटांच्या वाहिनीचे संकेतस्थळ 'नव्या रूपात' आल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. रंगसंगतीचे कौतुक आहे, मोठमोठ्या छायाचित्रांचे आहे. ते संकेतस्थळ रोज उघडणाऱ्या एका तरी प्रेक्षकाला आपल्या प्रतिनिधीने विचारायला हवे होते. मी रोज उघडतो, म्हणून लिहितो.

आधी तिथे आठवड्याचा तक्ता असायचा. वेळ, चित्रपट, साल, दिग्दर्शक, कलाकार. सगळा एका कागदावर मावायचा. दर रविवारी त्याची प्रिंट काढून मी आईला द्यायचो. ती ८३ वर्षांची आहे. कागद कॅलेंडरला टाचून ती हव्या त्या चित्रपटांवर पेन्सिलीने फुली मारायची. माझे वडील इथल्या जयप्रभा स्टुडिओत चित्रपटांच्या सेटचे सुतारकाम करायचे. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या एका चित्रपटातल्या वाड्याचा दरवाजा त्यांच्या हातचा आहे. वडील जाऊन १९ वर्षे झाली. वर्षा-दीड वर्षातून कधीतरी तो चित्रपट लागतो आणि आई त्या दरवाजासाठी तो पुरा बघते.

गेल्या मंगळवारी तो दुपारी लागला होता. आम्हाला पत्ताच नाही. नव्या पानावर 'आता' आणि 'यानंतर' एवढेच दिसते. पुढचे बघायचे तर ॲप घ्या, मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका. मी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी विचारले, "काकू, तुमचा पिक्चर बघितला काय?" आई तेव्हा काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "दार दिसलं असतं की रे." त्यावर मी काय उत्तर देणार?

साल काढून टाकणे तर मला अजिबात कळलेले नाही. 'सावकारी पाश' बाबूराव पेंटरांनीच दोनदा केला, १९२५ला मूकपट आणि १९३६ला बोलपट. 'सैरंध्री'ही दोन, बाबूरावांची १९२०ची आणि प्रभात फिल्म कंपनीची १९३३ची. जुन्या चित्रपटांच्या वाहिनीने साल गाळायचे म्हणजे किराणा दुकानदाराने वजनकाटा आत ठेवण्यासारखे आहे. शोधण्याच्या चौकटीत देवनागरीत 'सांगत्ये ऐका' लिहिले तर 'काहीही आढळले नाही' असे येते. मराठी चित्रपट मराठीत लिहून सापडू नये?

आणखी एक. 'अयोध्येचा राजा'च्या पानावर आता 'प्रभात, पुणे' असे आहे. हा बोलपट १९३२चा. प्रभातची स्थापना १९२९ला कोल्हापुरात झाली आणि कंपनी पुण्याला गेली १९३३ला. म्हणजे चित्रपट कोल्हापूरचाच. जुन्या संकेतस्थळावर हे बरोबर होते. नवे करताना कुणीतरी हात लावून बिघडवले. खरी कॉर्नरच्या, इथल्या चित्रपटांची आठवण म्हणून उभारलेल्या कॅमेरा स्तंभावरून रोज जाणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना हे खटकणारच. वाहिनीला दोन वेळा मेल केला, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढे उत्तर आले.

छायाचित्रे ठेवा, रंग ठेवा, माझी हरकत नाही. पण सालासकट तो तक्ता पहिल्या पानावर परत आणा आणि छापता येईल असा आणा.

थोडी तक्रार आपल्याबद्दलही आहे. पूर्वी आपल्या अंकात वाहिन्यांवरच्या चित्रपटांचा रकाना असायचा. तो कधी बंद झाला, याची सूचनाही वाचकांना मिळाली नाही. निदान या एका वाहिनीचे आठवड्याचे चित्रपट रविवारी छापा. चार बोटे जागा पुरेल. आई आपला अंक भिंग घेऊन पहिल्या पानापासून वाचते.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर