देवाचा कौल, माणसाचा प्रश्न

संपादक महोदय,

देव माणसाशी बोलतो का, यावर आपल्या पत्रसदरात चाललेली जुगलबंदी वाचतो आहे. एका वाचकाने देवळांतल्या कौलप्रसादावर, म्हणजे देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून उजवी आधी पडते की डावी यावरून त्याचा होकार-नकार घेण्याच्या प्रथेवर, जादूटोणाविरोधी कायद्याखाली बंदी मागितली, तर दुसऱ्याला त्यात धर्मावरचा घाला दिसला. मी मालवण तालुक्यातला, पोटासाठी डोंबिवलीत राहणारा चाकरमानी. कौल लहानपणापासून पाहत आलो, म्हणून हा पत्रप्रपंच.

पाकळी का पडते, यात मला फारसा रस नाही. पाषाणाला लावलेली ओली पाकळी सुकली की सुटणारच. उजवी आधी की डावी, याला वारा, उष्मा, गुरवाचा हात, काहीही कारण पुरतं. श्रद्धाळू म्हणणार, त्या वाऱ्यामागेही तोच आहे. हा वाद आजवर कुणी जिंकलेला नाही, पत्रसदरात तर नाहीच.

मी बघतो ते एवढंच, की देवाचा म्हणून जो हुकूम सुटतो, तो कुणाच्या डोक्यावर बसतो?

आचऱ्याची गावपळण घ्या. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल मिळाला, की अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहुट्या ठोकतो. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर. सर्व जातिधर्मांची माणसं तीन दिवस, तीन रात्री उघड्यावर काढतात आणि मग पुन्हा कौल लावून, देवाने होकार दिला तरच घरी परततात. देव खरंच बोलला का, मला सांगता येणार नाही. पण ज्या मानकऱ्यांनी प्रश्न विचारला, त्यांनाही पथारी उचलावी लागते. त्यांचा वाडा त्यातून सुटत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखही कौलानेच ठरते, तिथीने नाही. इथे डोक्यावर बसतो तो फार तर रेल्वेच्या तिकिटाचा घोर. (तो थोडाथोडका नसतो, हे कुणाही चाकरमान्याला विचारा.)

आता तुकोबा. पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नामदेवांची शतकोटी अभंगांची संख्या अपुरी राहिली होती, ती पुरी करायचं काम तुकोबांवर आलं. म्हणजे देव भेटला आणि जन्मभराचं काम लावून गेला! बाबाजींनी स्वप्नात गुरुमंत्र दिला, पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं, हेही तुकोबा लपवत नाहीत. दृष्टांत झाला म्हणून त्यांनी कुणाकडे दक्षिणा मागितली नाही, न मानणाऱ्याचं वाटोळं होईल असा धाकही घातला नाही. उलट नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला हवा, असं तोंडावर विचारलं.

अंगात आणून ‘अमक्याने करणी केली’, ‘एवढे पैसे आणा’ असं सांगणाऱ्या बुवाचं गणित बरोब्बर उलटं असतं. सगळा हुकूम समोरच्यावर, स्वतःवर काही नाही. 2013 चा कायदा नेमका इथेच बोट ठेवतो. देव बोलत नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून भीती घालणं, न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं, हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन त्याने वगळलेलं आहे. बंदी मागणाऱ्यांनी आणि घाला म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. फार मोठा नाही.

याचा अर्थ कौल निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. पाकळी फक्त हो की नाही एवढंच सांगते. प्रश्नाचे शब्द माणसाचे असतात, आणि खरी सत्ता तिथे असते. ‘अमक्याला पालखीला खांदा देऊ द्यायचा का’ असा प्रश्न देवापुढे ठेवला, तर उत्तर काहीही आलं तरी त्या माणसाचा अपमान प्रश्नातच होऊन गेलेला असतो. गाऱ्हाणं घालणारा एक, मागून ‘होय म्हाराजा’ म्हणणारे शंभर. त्या शंभरांना काय विचारलं जाणार आहे, हे बहुतेक वेळा आधी ठाऊक नसतं.

शिवाय कौल लावणारे गुरव आणि मानकरी परंपरेने पुरुषच. गावपळणीत भांडीकुंडी बांधायची, उघड्यावर चूल मांडायची, तान्ही पोरं आणि आजारी सासू सांभाळायची, हे कुणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. म्हणून माझी सूचना देवस्थानांना आहे, सरकारला नाही : कौल लावण्याआधी प्रश्न कागदावर लिहून गावाच्या बैठकीत वाचून दाखवावा, आणि त्या बैठकीत बायकांनाही बसवावं. त्याला देवाची हरकत आहे का, हे वाटल्यास कौल लावूनच विचारावं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली